गल्ल्यावर बसून ५०० ची बनावट नोट कशी ओळखायची?

प्रश्न असा आहे: "माझं किराणा दुकान आहे. बँकेत भरणा करताना ५०० ची एक नोट बनावट निघाली. कॅशियरने तिच्यावर शिक्का मारला, नोट ठेवून घेतली आणि पैसेही दिले नाहीत. बँकेने केलं ते बरोबर होतं का? आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना, मशीन नसताना, अशी नोट ओळखायची कशी?"

बँकेने केलं ते नियमाप्रमाणेच होतं. त्याबद्दल पुढे लिहितो, पण आधी ओळखायचं कसं ते घेऊ, कारण तुमचे पैसे वाचणार आहेत ते तिथेच. माझी सगळी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कॅश काउंटरवर झाली, शेवटची वर्षं हेड कॅशियर म्हणून. नव्याने कॅशला बसणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं कामही बरीच वर्षं केलं. त्यांच्या हातात मी सुरुवातीला बनावट नोट कधीच देत नसे. आधी खऱ्या नोटा, त्याही न बघता, नुसत्या बोटांनी चाचपायला. बनावट नोटा दर वेळी वेगळ्या येतात. एकीची तार चुकलेली असते, दुसरीचा कागद, तिसरीचं स्पेलिंग. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने ज्या ५०० च्या नोटांबद्दल सावध केलं होतं, त्यांच्यावर 'रिझर्व्ह' या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका 'ई' च्या जागी 'ए' छापला गेला होता. ती चूक पाठ करून ठेवली तरी पुढची नोट ती चूक सुधारून येणार. खऱ्या नोटेची लक्षणं मात्र बदलत नाहीत. तांदूळ मुठीत घेतला की जुना की नवा हे तुम्हाला कळतं, तशी खरी नोट बोटांना कळली पाहिजे.

भर ५०० वर द्या, हेही आधीच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालानुसार २०२४-२५ मध्ये बँकांमध्ये ५०० च्या सुमारे १ लाख १८ हजार बनावट नोटा पकडल्या गेल्या, त्याआधीच्या वर्षी हा आकडा सुमारे ८६ हजार होता. २०० च्या साधारण ३३ हजार सापडल्या. हे फक्त काउंटरपर्यंत पोहोचून पकडल्या गेलेल्या नोटांचे आकडे आहेत. २००० ची नोट १९ मे २०२३ ला चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, तेव्हापासून गल्ल्यात येणारी सर्वांत मोठी नोट ५०० चीच आहे.

आधी अंगठा

आपली नोट कापसाच्या धाग्यांपासून बनवलेल्या कागदावर छापतात, वहीच्या किंवा झेरॉक्सच्या कागदासारख्या लाकडाच्या लगद्यावर नाही. म्हणून ती खिशात राहून धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही आणि नवी असताना करकरते. नाशिक रोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी या चार ठिकाणच्या छापखान्यांत आपल्या नोटा छापल्या जातात. तिथे नोटेचा काही भाग कोरीव पत्र्यावरून छापतात. कोरलेल्या खाचांमध्ये दाट शाई भरायची आणि कागद प्रचंड दाबाने त्यावर दाबायचा. खाचेतली शाई कागदावर उभी राहते, तिचा उंचवटा बोटाला लागतो. साध्या ऑफसेट मशीनवर किंवा कलर प्रिंटरवर रंग हुबेहूब येईल, पण ही शाई उभी राहणार नाही. ज्याला आपण 'नोट हाताला वेगळी लागली' म्हणतो ते हेच.

५०० च्या नोटेवर हा उंचवटा कुठे बघायचा? गांधीजींच्या चित्रावर, उजवीकडच्या अशोकस्तंभावर, उजवीकडेच असलेल्या छोट्या गोल खुणेवर, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही कडांना असलेल्या पाच-पाच तिरक्या रेघांवर. या रेघा अंध आणि कमी दिसणाऱ्या लोकांना नोट किती रुपयांची ते कळावं म्हणून आहेत. १०० च्या नोटेवर त्या चार असतात. २०० वर चार रेघा आणि त्यांच्या मध्ये दोन गोल. पण माझ्या मते गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला याहून मोठी मदत दुसरी नाही, कारण त्या अगदी कडेला आहेत. नोट घेतानाच ती कडेला धरायची, अंगठा आपोआप रेघांवर येतो, आणि नोट गल्ल्याकडे नेता नेता अंगठा एकदा वरून खाली फिरवायचा. वेळ जात नाही. गिऱ्हाइकाला आपल्यावर संशय घेतला असंही वाटत नाही. नोट उजेडात धरून निरखायला लागलात की चांगल्या माणसाचा चेहरा उतरतो, म्हणून रोजच्या व्यवहारात पहिली चाचणी हाताचीच असावी.

घरी हे करून बघा. आठ-दहा खऱ्या नोटा घ्या, त्यांच्यात नोटेच्या मापाचा साधा कागद मिसळा आणि डोळे मिटून रेघा शोधा. ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. २०० ची तेवढीच रुंद, लांबीला मात्र ४ मिलिमीटर कमी. १०० ची आणखी ४ ने कमी. गड्डी नीट ठोकून सरळ केल्यावर एखादी नोट एका बाजूने डोकावत असेल किंवा आत गेलेली असेल तर ती वेगळी काढून बघायची. कापताना एक-दोन मिलिमीटरची चूक बनावटवाल्यांकडून बरेचदा होते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मासळी बाजार, पेट्रोल पंप, भाजीची टोपली असा प्रवास करून आलेल्या मळकट, मऊ झालेल्या नोटेचा उंचवटा झिजलेला असतो. नुसता हात लावून तिला बनावट ठरवू नका. ती पुढच्या दोन चाचण्यांना द्या.

मग तिरकी, मग उजेडात

गांधीजींच्या चित्राच्या उजव्या बाजूला नोटेत उभी तार आहे. नोट सरळ धरली की ती हिरवी दिसते, थोडी तिरकी केली की निळी होते. तिच्यावर 'भारत' आणि इंग्रजीत 'आरबीआय' ही अक्षरं असतात. नोटेच्या खालच्या उजव्या भागात रुपयाच्या चिन्हासह मोठ्या अक्षरात छापलेले ५०० सुद्धा असेच हिरव्याचे निळे होतात. १०० आणि २०० च्या नव्या नोटांतली तारही असाच रंग बदलते.

इथे बहुतेक लोक फसतात. बनावट नोटेत हिरवी चकचकीत पट्टी चिकटवलेली किंवा छापलेली असते. ती चमकते, आणि चमकली की लोक समाधान मानतात. चमकणं आणि रंग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमकणारी पट्टी हिरवीच्या हिरवी राहते, फार तर फिकी-गडद होते. खऱ्या तारेचा रंग स्पष्टपणे निळा होतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एका खऱ्या नोटेवर हे नीट बघून ठेवा, म्हणजे निळा म्हणजे नेमका कोणता हे डोळ्यांत बसेल.

तारेबद्दल आणखी एक. कागद बनतानाच ती त्यात घातली जाते. वरून पाहिली तर ती तुकड्यातुकड्याने दिसते, थोडी वर, थोडी कागदाच्या आत. पण नोट उजेडासमोर धरली की सलग एक रेघ दिसली पाहिजे. जी तार नखाने उचकटायला लागते, जिची कड बोटाला लागते, किंवा जी उजेडात धरल्यावरही तुटक दिसते, ती नोट घेऊ नका.

नोट उजेडासमोर धरलीच आहे तर उजवीकडची मोकळी जागा बघा. तिथे गांधीजींचा चेहरा आणि शेजारी ५०० हा आकडा दिसतो. याला आपण वॉटरमार्क म्हणतो. हे छापलेलं चित्र नाही. कागद ओला असताना त्याची जाडी कमीजास्त केलेली असते. जाड भाग गडद दिसतो, पातळ भाग उजळ. म्हणून खऱ्या वॉटरमार्कच्या चेहऱ्याला छटा असतात, गालापासून कानापर्यंत सावली हळूहळू गडद होत जाते, आणि ५०० हा आकडा त्या सगळ्यापेक्षा जास्त उजळ असतो. बनावट नोटेत हे चित्र फिकट शाईने छापलेलं असतं, किंवा दोन पातळ कागद चिकटवून मध्ये छापलेलं असतं. त्यात छटा नसतात, चेहरा रेघांनी काढल्यासारखा सपाट दिसतो. सोपी खूण सांगतो. नोट टेबलावर ठेवल्यावर, मागून उजेड नसतानाही ते चित्र ठळक दिसत असेल तर ते वॉटरमार्क नाही, छपाई आहे.

उजेडातच आणखी एक गोष्ट तपासता येते. डावीकडे आकड्याची एक खूण अर्धी पुढच्या बाजूला आणि अर्धी मागच्या बाजूला छापलेली असते. उजेडात दोन्ही अर्धे मिळून ५०० पूर्ण होतात, रेघेला रेघ जुळते. घरगुती छपाईत पुढची आणि मागची बाजू वेगवेगळी छापली जाते, त्यामुळे ही जुळणी हमखास सरकते.

बाकीच्या खुणा आहेत, पण गल्ल्यावर त्यांना वेळ नसतो. गांधीजींच्या चित्राजवळची 'भारत' आणि 'इंडिया' ही बारीक अक्षरं भिंगातून वाचता येतात. बनावट नोटेत तिथे ठिपक्यांची रेघ किंवा डाग दिसतो. नोट डोळ्यांच्या पातळीला तिरकी धरली की एका पट्ट्यात लपलेले ५०० दिसतात. कॅशियरला संशय आला की तो हे बघतो. तुम्ही अंगठा, तार आणि वॉटरमार्क एवढं पक्कं करा.

नंबर

नोटेवर नंबर दोन ठिकाणी असतो, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. पहिली तीन अक्षरं-आकडे सारख्या आकाराची, पुढचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत गेलेले. बनावट नोटेत आकड्यांमधलं अंतर विस्कळीत असतं किंवा ओळ वरखाली झालेली असते. पण नंबराचा खरा उपयोग वेगळा आहे. एकाच माणसाकडून ५०० च्या तीन-चार नोटा आल्या आणि दोघींचा नंबर, नंबराच्या जागी छापलेलं मोठं अक्षर, छपाईचं वर्ष आणि गव्हर्नरांची सही हे सगळंच एक असेल, तर आणखी काही बघायची गरज नाही. यातलं एखादं वेगळं असेल तर सारख्या नंबराच्या दोन खऱ्या नोटाही असू शकतात. एका खऱ्या नोटेवरून अनेक नकला काढल्या की सगळं तंतोतंत एकच येतं.

चिकटपट्टी लावलेल्या नोटेचे दोन्ही नंबर जरूर जुळवून बघा. वेगवेगळ्या खऱ्या नोटांचे तुकडे जोडून जास्तीची नोट तयार करणारेही असतात. तिथे कागद खरा, तार खरी, वॉटरमार्क खरा, म्हणून बोटांना काही कळत नाही. नंबर मात्र जुळत नाहीत.

मशीन आणि निळा दिवा

'मशीन नसताना' असं तुम्ही विचारलंत म्हणून थोडक्यात. अतिनील दिव्याखाली खऱ्या नोटेचा कागद काळपट राहतो. नंबर, तार आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकतात. साधा कागद मात्र पांढरट-निळा उजळतो, कारण त्यात तो शुभ्र दिसावा म्हणून रसायनं घातलेली असतात. गंमत अशी की कपडे धुण्याच्या पावडरीतही तीच रसायनं असतात. कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोट दिव्याखाली बनावटीसारखी उजळते. नुसत्या दिव्यावर विसंबून एखाद्या गरीब माणसाची खरी नोट नाकारू नका. उलट, न उजळणारा कागद मिळवलेली बनावट नोट दिव्यातून सुटूही शकते.

मोबाईलमधल्या ॲपचंही तसंच. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे ॲप २०२० मध्ये आलं. अंध व्यक्तींना नोट किती रुपयांची आहे ते ते बोलून सांगतं. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी पुष्कळ दुकानदार नोट त्याच्यासमोर धरतात आणि 'पाचशे रुपये' ऐकलं की निर्धास्त होतात. रिझर्व्ह बँकेच्या 'पैसा बोलता है' या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक नोटेच्या खुणा मोठ्या चित्रांसह दिलेल्या आहेत. ते पान एकदा घरच्या सगळ्यांनी बघावं, विशेषतः तुमच्या गैरहजेरीत जे गल्ल्यावर बसतात त्यांनी.

खऱ्या नोटा खोट्या ठरवणाऱ्या अफवा

यांनी दुकानदारांचं आणि गिऱ्हाइकांचं फार नुकसान केलं आहे. नंबरात चांदणी असलेली नोट बनावट असते, ही अफवा इतकी पसरली की २०२३ च्या जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या बदली गड्डीत जी नोट घालतात तिच्या नंबरात चांदणी असते. ती पूर्ण खरी नोट आहे. दुसरी अफवा, हिरवी पट्टी गव्हर्नरांच्या सहीपासून लांब आणि गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी. तार जराशी इकडेतिकडे असू शकते, दोन्ही नोटा चालतात. पेनने काही लिहिलेली नोट बाद होते हेही खरं नाही. नोटेवर लिहू नये, त्याने तिचं आयुष्य कमी होतं, पण लिहिलं म्हणून तिची किंमत जात नाही. १०० ची जुनी निळसर, आकाराने मोठी नोटही चालते. जांभळी नोट आली म्हणून ती बाद झालेली नाही.

नोट कशी खपवतात

बनावट नोट घेऊन येणारा माणूस सहसा गर्दीची वेळ निवडतो. संध्याकाळ, आठवडे बाजार, जत्रा, सणाच्या आदल्या दिवसाची झुंबड. वीस-तीस रुपयांची वस्तू घेतो आणि ५०० पुढे करतो, कारण त्याला वस्तू नको, सुट्टे हवे असतात. काही जण आणखी पुढचं करतात. आधी खरी नोट देतात. तुम्ही ती चाचपून घेतली की म्हणतात, "थांबा, सुट्टे आहेत माझ्याकडे," नोट परत घेतात, खिसे चाचपतात, "नाहीत हो," म्हणत पुन्हा नोट देतात. ही दुसरी नोट बनावट असते. आत्ताच तर बघितली म्हणून आपण ती तशीच गल्ल्यात टाकतो. म्हणून नोट जितक्या वेळा हातात येईल तितक्या वेळा अंगठा फिरला पाहिजे. आणि सुट्टे देऊन व्यवहार संपेपर्यंत गिऱ्हाइकाची ५०० ची नोट इतर नोटांत मिसळायची नाही, गल्ल्याच्या झाकणावर किंवा वजनाखाली वेगळी ठेवायची.

संशय आला तर "ही नोट मला बरोबर वाटत नाही, दुसरी द्या, ही बँकेत दाखवून घ्या," एवढंच म्हणा. समोरचा बहुतेक वेळा तुमच्यासारखाच फसलेला असतो, आवाज चढवू नका. एकाच माणसाकडे अशा अनेक नोटा दिसल्या, किंवा तो घाईने पळाला, तर ११२ वर फोन करा.

बँकेने तुमची नोट का ठेवली

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की काउंटरवर बनावट नोट आली तर ती भरणाऱ्याला परत द्यायची नाही आणि फाडायचीही नाही. तिच्यावर 'बनावट नोट' असा शिक्का मारायचा, नोंद करायची आणि भरणाऱ्याला पावती द्यायची. नोटेची रक्कम खात्यात जमा होत नाही. कॅशियरने दया दाखवून नोट परत केली तर बँकच ती नोट पुन्हा चालवायला मदत करत आहे असं धरलं जातं. तुमचे ५०० रुपये गेले याचं वाईट वाटतं, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

पावती मिळाली का ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. ती तुमचा हक्क आहे. तुम्ही तिच्यावर सही करायला नकार दिलात तरी बँकेने ती दिलीच पाहिजे. मिळाली नसेल तर उद्याच शाखेत जाऊन मागा आणि जपून ठेवा. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आल्या तर बँक महिन्याच्या शेवटी पोलिसांना एकत्रित अहवाल पाठवते. पाच किंवा जास्त आल्या तर लगेच पोलिसांत तक्रार होते. त्यामुळे एका नोटेसाठी पोलीस दारात येतील या भीतीने भरणा टाळू नका. एटीएममधून अशी नोट आली तर तिथून हलायच्या आधी पावती सांभाळा, सुरक्षारक्षक असेल तर त्याला दाखवा आणि त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. एटीएममध्ये तपासलेल्याच नोटा भरायची जबाबदारी बँकेची असते.

कायद्याचं सांगायचं तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बनावट नोट माहीत असून चालवणं हा कलम १७९ खाली गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपही. चालवायच्या इराद्याने जवळ ठेवणं कलम १८० खाली येतं, त्याला सात वर्षांपर्यंत. नोट वैध मार्गाने आपल्याकडे आली हे सिद्ध करता आलं तर त्या कलमाखाली गुन्हा होत नाही. कुणी तुम्हाला सल्ला देईल की बँकेत नेऊच नका, अंधारात दुसऱ्याला देऊन टाका. तो ऐकू नका. नोट बनावट आहे हे कळल्या क्षणापासून ती पुढे देणारा फसलेला राहत नाही, कायद्याने गुन्हेगार होतो. आणि ती ज्याच्या हातात पडते तो बहुतेक वेळा दिवसभराची मजुरी घेऊन जाणारा माणूस असतो, त्याच्याकडे दुसरे ५०० नसतात.

ती नोट कुणी दिली हे तुम्हाला आठवत असेल आणि तो रोजचा गिऱ्हाईक असेल, तर त्याला बँकेची पावती दाखवून शांतपणे विचारायला हरकत नाही. पुष्कळदा माणूस भरपाई देतो, निदान अर्धी तरी. त्याला ती कुठून मिळाली हेही विचारून ठेवा. एकाच ठिकाणचं नाव दोन-तीन गिऱ्हाइकांकडून आलं तर ते पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, पुढचं काम त्यांचं.